न्यूग्रेंजची फेरी आणि आयर्लंडमधल्या केल्टिक कथांच्या जागा : मराठवाड्यातून जाणाऱ्यांसाठी परीक्षण

आयर्लंडमध्ये ‘केल्टिक’, म्हणजे युरोपातल्या जुन्या केल्ट लोकांचं, काही बघायचं म्हटलं की टूरवाल्यांच्या यादीत पहिलं नाव न्यूग्रेंजचं असतं. डब्लिनच्या उत्तरेला साधारण ५० किलोमीटरवर, मीथ परगण्यात, बॉइन नदीच्या वळणात हे दगड-मातीचं प्राचीन टेकाड आहे; आत दगडी बोळ आणि गाभारा असलेलं हे थडगं. या सगळ्या परिसराला ब्रू ना बोन्या म्हणतात. १९९३ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे आणि तिथली व्यवस्था आयर्लंडचं सरकारी खातं बघतं. व्यवस्थेपुरतं आमचं मत सरळ आहे : तिकीट, बस, गाइड, गटाची शिस्त, सगळं चोख. वास्तूही जपली जाते आणि बघणाऱ्याचंही समाधान होतं, असं जमवणं सोपं नाही. इथं ते जमलंय.

अडचण आहे ती ‘केल्टिक’ या शिक्क्याची. न्यूग्रेंज उभं राहिलं इ. स. पूर्व ३२०० च्या सुमारास, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांच्याही आधी. केल्टिक भाषा बोलणारे लोक आयर्लंडात दिसू लागतात ते त्यानंतर कितीतरी शतकांनी. आणि देवदेवतांच्या ज्या कथा आज या टेकाडाला चिकटल्या आहेत, त्या लिहून ठेवल्या ख्रिस्ती मठांतल्या लेखनिकांनी. त्यांची हाती असलेली सर्वांत जुनी हस्तलिखितं ११ व्या-१२ व्या शतकातली आहेत. बांधणारे वेगळे, सांगणारे वेगळे, लिहिणारे तिसरेच.

मराठवाड्यातल्या माणसाला ही गुंतागुंत समजावून सांगावी लागत नाही. वेरूळचं कैलास राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, ८ व्या शतकातलं. पण आपल्याकडे गोष्ट सांगतात ती राणी माणिकावतीची : कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही असा तिनं पण केला, मग पैठणच्या कोकस नावाच्या कारागिरानं वरून खाली खोदायला घेतलं आणि आठवड्यात राणीला कळस दाखवला. ही गोष्ट लिहिली गेली लेणं खोदल्यानंतर कैक शतकांनी. तरीही ती फेकून देण्यासारखी नाही, कारण डोंगर वरून खाली खोदलाय ही खरी गोष्ट तिनं धरून ठेवली. आयर्लंडच्या जागा अशाच नजरेनं बघायच्या. त्यासाठी सहल दोन भागांत आखावी : दगड बघायला ब्रू ना बोन्या, आणि कथा ऐकायला टारा व राथक्रोहन, या कथांतल्या राजा-राण्यांच्या जागा. नुसतं न्यूग्रेंज करून परतणाऱ्याच्या पदरात अर्धंच पडतं.

तिकीट काढताना आणि पोचताना

तिकीट ऑनलाइनच काढावं, आणि तारीख पक्की असेल तर साधारण महिनाभर आधी. जून ते ऑगस्टमध्ये आयत्या वेळी खिडकीवर तिकीट मिळेल या भरवशावर जाऊ नये. सगळ्यांत जास्त फसगत होते ती तिकिटाच्या प्रकारात. एका प्रकारात न्यूग्रेंज आणि नाउथ ही दोन्ही टेकाडं बाहेरून दाखवतात. दुसऱ्यात न्यूग्रेंजच्या आत, गाभाऱ्यापर्यंत नेतात. नावं सारखीच वाटतात, दरात थोडा फरक असतो, आणि घाईत स्वस्तातलं तिकीट घेतलं जातं. ‘चेंबर’ हा शब्द तिकिटावर असल्याची खात्री करा. आत जायचं नसेल तर एवढा प्रवास करून उपयोग नाही. हिवाळ्यात नाउथ बंद असतं, त्या दिवसांत फक्त न्यूग्रेंजची फेरी असते.

दुसरी चूक रस्त्याची. मोबाइलच्या नकाशात ‘न्यूग्रेंज’ टाकलं की तो नदीच्या उत्तर काठावर, थेट टेकाडाच्या फाटकाशी नेऊन सोडतो. तिथून कुणालाही आत घेत नाहीत. तुम्हाला जायचंय ते दक्षिण काठावरच्या अभ्यागत केंद्रात, डोनोर गावाजवळ. एम-१ महामार्गावरून ९ नंबरच्या एक्झिटनं उतरलं की तपकिरी पाट्या लागतात. गाडी केंद्रावर लावायची, पादचारी पुलावरून बॉइन ओलांडायची आणि पलीकडे केंद्राच्या बसमध्ये बसायचं. अजिंठ्याला फर्दापूर टी-पॉइंटवर गाडी सोडून बसनं लेण्यांकडे जातात, तीच पद्धत. फरक असा की इथं प्रत्येकाची बस ठरलेल्या वेळेची असते. पूल ओलांडून बसथांब्यापर्यंत चालायला वेळ लागतो. तिकिटावरच्या वेळेच्या अर्धा तास आधी केंद्रात असलात तर धावपळ होत नाही. बस चुकली तर पुढच्या बसमध्ये जागा असेलच असं नाही.

गाडी नसेल तर डब्लिनहून रेल्वेनं किंवा बसनं द्रॉहेडाला यावं आणि तिथून टॅक्सी करावी. अंतर दहा किलोमीटरच्या आत आहे. परतीची टॅक्सी येतानाच ठरवून ठेवा, केंद्राबाहेर रिकाम्या टॅक्स्या उभ्या नसतात. स्वच्छतागृह केंद्रातच उरकून घ्या.

फेरी : नेमकं काय दिसतं

टेकाडाचा व्यास सुमारे ८५ मीटर, म्हणजे पायथ्याखालची जमीन एकरभराहून जास्त. पायाभोवती ९७ मोठ्या शिळा आडव्या मांडल्या आहेत. दारासमोरच्या शिळेवर मळसूत्री वळणं कोरलेली आहेत आणि तिच्या मधोमध एक उभी रेघ आहे. ती रेघ बोळाच्या रोखाशी जुळते. बहुतेक जण इथं फोटो काढून पुढे सरकतात. त्याऐवजी दरवाजाच्या वर बघा. तिथं छताजवळ एक चौकोनी झरोका आहे. या वास्तूचा जीव त्या झरोक्यात आहे.

पुरातत्त्वज्ञ मायकेल ओकेली यांनी १९६२ ते १९७५ इथं उत्खनन केलं. झरोका त्यांनीच मोकळा केला. उगवतीचा प्रकाश थेट आत येतो असं आसपासचे लोक सांगायचे. त्याची खात्री करायला ओकेली २१ डिसेंबर १९६७ च्या पहाटे एकटेच आत बसले, आणि सूर्याची तिरीप बोळ पार करून गाभाऱ्याच्या तळापर्यंत आली. दारातून येणारा प्रकाश गाभाऱ्यापर्यंत पोचतच नाही, कारण १९ मीटरचा बोळ आत जाता जाता सुमारे दोन मीटर चढतो. गाभाऱ्याची जमीन आणि झरोका एका पातळीत येतात, म्हणून झरोक्यातली तिरीपच तेवढी आत जाते. वर्षातल्या सर्वांत लहान दिवसांच्या आसपास, सकाळी ८:५८ ला ती आत शिरते आणि १७ मिनिटं टिकते. भारतात तेव्हा दुपारचे २:२८ झालेले असतात. काही वर्षी याचं इंटरनेटवरून थेट प्रक्षेपण झालंय, ते घरी बसून बघता येतं.

प्रत्यक्ष त्या सकाळी आत उभं राहायला सोडत निघते. अर्ज हजारोंनी येतात, जागा मूठभर, आणि डिसेंबरातल्या आयर्लंडचं आभाळ बहुधा भरलेलं. सोडतीच्या आशेवर तिकीट काढून डिसेंबरात जाऊ नये. बाकी वर्षभर प्रत्येक गटाला आतले दिवे मालवून विजेच्या दिव्यानं तो प्रकाश दाखवतात. हे नाटकी वाटेल अशी शंका असते, पण ती टिकत नाही. मिट्ट काळोखात जमिनीवर पिवळट रेघ सरकत येते आणि बांधणाऱ्यांचा हिशेब डोळ्यांना पटतो. आपल्या वेरूळच्या दहाव्या लेण्यात मार्च महिन्यात संध्याकाळचे किरण बुद्धमूर्तीवर येतात, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना यामागची नजर लगेच ओळखू येईल.

आत शिरताना वाकावं लागतं, दोन-तीन ठिकाणी अंग तिरकं करावं लागतं. पाठीवरची पिशवी बाहेरच ठेवतात, फोटो काढू देत नाहीत. चाकाची खुर्ची आत जात नाही. कोंदट जागेची भीती असणाऱ्यांनी गाइडला आधीच सांगावं; ते अशा माणसाला शेवटी आत घेतात, म्हणजे दाराकडे परतणं सोपं जातं.

गाभाऱ्यात उभं राहिल्यावर मान वर करा. छत सहा मीटर उंच आहे. शिळांचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा आत सरकवत नेलाय आणि शेवटी एका दगडानं तोंड बंद केलंय. चुना नाही, गारा नाही. अन्वा किंवा औंढ्याच्या हेमाडपंती देवळात चुन्याशिवाय बसवलेले दगड ज्यांनी निरखलेत त्यांना यातलं कौशल्य कळेल, फक्त इथं लोखंडाचं हत्यार नव्हतं. आयर्लंडच्या पावसात पाच हजार वर्षं हे छत गळलेलं नाही. त्याचं कारण वरच्या शिळांच्या पाठीवर आहे : पाणी वाहून जावं म्हणून तिथं पन्हळी खोदल्या आहेत, आणि फटींत भाजलेली माती व समुद्राची वाळू ठासून भरली आहे. त्या भाजलेल्या मातीवरूनच पुढे कार्बन पद्धतीनं वास्तूचं वय काढता आलं. गाइड हे सांगतातच असं नाही. विचारलं की मात्र खुलून बोलतात. आतल्या कोनाड्यातली तिहेरी मळसूत्राची खूण जगभर ‘केल्टिक चिन्ह’ म्हणून लॉकेटांवर विकली जाते. ती कोरणाऱ्यांनी केल्टिक भाषेतला एक शब्दही ऐकलेला नव्हता.

बाहेरच्या पांढऱ्याशुभ्र भिंतीबद्दल मात्र सावध राहा. गारगोटीचे हे दगड विकलोच्या डोंगरांतून आणलेले आहेत आणि ते उत्खननात सापडलेही खरे, पण ते उभ्या भिंतीत होते हा ओकेलींचा अंदाज. आजची भिंत मागे काँक्रीट घालून उभी केली आहे. नाउथला जॉर्ज ओगन यांनी अशीच गारगोटी दारासमोर जमिनीवर अंथरलेली ठेवली. एकाच तिकिटात, एकाच सकाळी, दोन तज्ज्ञांची दोन उत्तरं शेजारी बघायला मिळतात. या फेरीतला हा भाग आम्हाला फार मोलाचा वाटतो आणि फलकांवर त्याला याहून जास्त जागा द्यायला हवी होती.

नाउथ वेळ घेऊन बघावं. मुख्य टेकाडाभोवती १८ लहान टेकाडं आहेत, आत पूर्वेचा आणि पश्चिमेचा असे दोन बोळ, आणि शिळांवरचं कोरीव काम न्यूग्रेंजपेक्षा कितीतरी जास्त. बोळांत जाता येत नाही, पूर्वेचा बोळ एका खोलीतून लांबवर दिसतो तेवढाच. खरी केल्टिक वस्ती बघायची असेल तर ती याच टेकाडावर होती : मध्ययुगाच्या सुरुवातीला इथं उत्तर ब्रेगा या राज्याचे राजे राहत होते आणि बोळातल्या दगडांवर त्या काळच्या माणसांनी आपली नावं कोरून ठेवली आहेत. देवगिरीच्या खांबांवर नावं कोरणारे आठवून राग येईल, पण त्या नावांना आता हजार वर्षं झाली.

कथा, आणि फेरीत राहून जाणारं

केंद्रातलं प्रदर्शन पुरातत्त्वाकडे झुकलेलं आहे. बोळाची प्रतिकृती, नदीकाठचं शेतीजीवन, दगड कसे ओढून आणले, हे सगळं उत्तम. कथांना त्या मानानं जागा कमी, आणि त्या ऐकायला मिळणं गाइडच्या आवडीवर अवलंबून. म्हणून निदान तीन कथा माहीत करून जावं.

पहिली नदीची. नेख्तानच्या विहिरीभोवती हेझलची नऊ झाडं होती आणि तिच्यात ज्ञान होतं. तिथं जायची मनाई मोडून बोअन देवी गेली आणि विहिरीला डावीकडून, म्हणजे उलटी, प्रदक्षिणा घातली. पाणी उसळलं, त्यानं तिचा एक डोळा, एक हात, एक पाय नेला, आणि समुद्राकडे धावत गेलेलं ते पाणी म्हणजे बॉइन नदी. उलट्या प्रदक्षिणेचा दोष काय असतो हे युरोपातल्या पर्यटकाला तळटीप देऊन सांगावं लागतं. गोदाकाठच्या वाचकाला नाही.

दुसरी एंगसची. दाग्दा हा देवांचा थोरला. त्याला बोअन हवी होती आणि तिचा नवरा घरी येण्याआधी मूल जन्मायला हवं होतं, म्हणून त्यानं सूर्य नऊ महिने आकाशात थोपवून धरला. एका दिवसात गर्भ राहिला आणि त्याच दिवशी एंगस जन्मला. मोठा झाल्यावर एंगसनं ब्रू, म्हणजे हे टेकाडातलं घर, एका दिवस-रात्रीपुरता मागून घेतला, आणि मुदत संपल्यावर म्हणाला की सगळा काळ दिवस आणि रात्र यांचाच तर आहे. घर कायमचं त्याचं झालं. सूर्य थांबतो ती कथा नेमकी या टेकाडाची असावी, जिथं वर्षातून एकदा सूर्य मुक्कामाला येतो, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

तिसरी शेजारच्याच डाउथ नावाच्या टेकाडाची, आणि तिला अलीकडे वेगळंच वजन आलंय. ब्रेसल राजाच्या काळात गुरांवर रोग पडला. स्वर्गापर्यंत मनोरा बांधायचा म्हणून त्यानं सगळ्या देशाला एक दिवस कामाला लावलं. बहिणीनं जादूनं सूर्य थांबवला. मग राजानं बहिणीशीच संग केला, जादू तुटली, अंधार पडला, काम अर्धवट राहिलं. २०२० मध्ये न्यूग्रेंजच्या गाभाऱ्यात पुरलेल्या एका पुरुषाच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला : त्याचे आईवडील भाऊ-बहीण किंवा आई-मुलगा, बाप-मुलगी इतक्या जवळचे होते. त्यावरून राजघराण्याचा निष्कर्ष काढणं सगळ्या अभ्यासकांना मान्य नाही, आणि चार हजार वर्षं आठवण टिकली असं ठामपणे म्हणता येणार नाही. पण आपल्याकडे देवळागणिक ‘पांडवांनी एका रात्रीत बांधलं, कोंबडा आरवला म्हणून अपुरं राहिलं’ असं सांगतात. अपुऱ्या बांधकामाची ही कथा डाउथला उभं राहून वाचताना ओळखीची वाटते. डाउथचं टेकाड फुकट बघता येतं, आत प्रवेश नाही. माथ्यावरचा मोठा खड्डा १८४७ च्या बेफिकीर खोदकामाचा आहे.

टारा, राथक्रोहन आणि बाकीचं

टारा ब्रू ना बोन्यापासून गाडीनं अर्ध्या तासावर. तिकीट नाही, फाटक नाही, वर्षभर खुलं. इथं नुसतं गेलात तर गवताचे उंचवटे आणि मेंढ्या दिसतील, आणि बरेच लोक निराश होऊन वीस मिनिटांत परततात. लिआ फॉल हा उभा दगड शोधा. खऱ्या राजाचा पाय लागला की तो ओरडायचा अशी कथा. दगड आज उभा आहे तिथं मुळात नव्हता, इंग्रजांविरुद्धच्या १७९८ च्या बंडातल्या लढाईनंतर तो तिथं हलवला. खरं प्राचीन आहे ते ओलिसांचं टेकाड, न्यूग्रेंजच्याच काळातलं. त्याचा बोळ नोव्हेंबर आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीच्या सूर्योदयाकडे तोंड करून आहे, म्हणजे साउइन आणि इम्बोल्क या सणांच्या दिवसांत. जाळीतून आतली कोरलेली शिळा दिसते. विजेरी न्या. चर्चच्या अंगणातलं माहिती केंद्र फक्त हंगामात उघडं असतं, आधी चौकशी करा. पावसात उतार घसरडे होतात, चप्पल-सँडलवर जाऊ नका.

आमच्या मते कथांसाठी जायची जागा राथक्रोहन. डब्लिनपासून पश्चिमेला सुमारे १५० किलोमीटर, रॉसकॉमन परगण्यात टल्स्क गावात. फार पर्यटक इकडे फिरकत नाहीत. आठ-दहा चौरस किलोमीटरच्याही आत २४० पुरातन जागा नोंदलेल्या आहेत आणि बहुतेक खासगी शेतांत आहेत, म्हणून टल्स्कच्या केंद्राची गाइडसह फेरी आधी नोंदवूनच जावं. इथं मेव्ह राणीचं राज्य होतं. ती आणि तिचा नवरा आलिल अंथरुणात पडल्या पडल्या कोणाची मालमत्ता जास्त याचा हिशेब करतात. भांडी, दागिने, मेंढ्या, घोडे, डुकरं सगळं बरोबरीत सुटतं, पण नवऱ्याकडे पांढऱ्या शिंगांचा एक बैल जास्त निघतो. मग त्याच्या तोडीचा तांबूस बैल मिळवायला मेव्ह उत्तरेकडच्या अल्स्टरवर स्वारी करते आणि तिथला वीर कू खुलिन एकटा तिचं सैन्य अडवतो. शेवटी दोन बैलांची झुंज होते ती याच माळावर, राथनाडार्व्ह नावाच्या गोल तटबंदीत, असं दाखवतात.

गुरांसाठी लढाई ही कल्पना आपल्याला परकी नाही. मराठवाड्यात गावोगावी मारुतीच्या पाराला टेकवून ठेवलेल्या वीरगळी नीट बघा : कित्येकींच्या खालच्या चौकटीत गाई कोरलेल्या असतात, त्या सोडवताना वीर पडला आणि वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतो. आयर्लंडनं त्या प्रसंगाचं महाकाव्य केलं, आपण दगड उभे केले. राथक्रोहनच्या गाइडला वीरगळीचा फोटो मोबाइलमध्ये दाखवा. गप्पांना विषय मिळतो आणि फेरीला रंगत येते.

तिथली ओवेनागाट, मांजरांची गुहा, हा या सगळ्या यादीतला सर्वांत अवघड आणि सर्वांत परिणामकारक भाग. मॉरिगन या युद्धदेवतेचं हे घर. साउइनच्या रात्री, म्हणजे ऑक्टोबर संपून नोव्हेंबर लागताना, या भोकातून तीन डोक्यांचा राक्षस, झाडं वाळवणारे पक्षी आणि पिकं नासवणारी डुकरं बाहेर पडायची. तोंड काटेरी झुडपाखाली, इतकं बुटकं की सरपटत शिरावं लागतं. आत शिरल्यावर वर बघा : छताच्या एका शिळेवर ओगम लिपीत रेघा आहेत, त्यात ‘मेव्हचा मुलगा फ्रेख’ असं नाव वाचतात. पुढे माणसानं बांधलेला भाग संपून नैसर्गिक चुनखडीची कपार लागते. जमीन चिखलाची आणि उतरती असते, पावसानंतर जास्तच. जुने कपडे, घट्ट बसणारे बूट, डोक्यावर बांधायची विजेरी आणि गाडीत कोरडा जोड हवाच. गुडघेदुखी असेल तर बाहेरूनच नमस्कार करा. एकट्यानं उतरू नका आणि शेतमालकाच्या गुरांची फाटकं जशी होती तशी बंद करा.

लॉक्रू या मीथमधल्याच डोंगरांवरच्या जागेला जायचं ते २० मार्च किंवा २२ सप्टेंबरच्या आसपास. म्हातारीच्या डोंगरावर, ‘टी’ क्रमांकाच्या टेकाडात विषुवदिनाचा उगवता सूर्य मागच्या कोरीव शिळेवर येतो. कॅलाख नावाची म्हातारी ओट्यातले दगड सांडत या डोंगरावरून त्या डोंगरावर उड्या मारत गेली, त्यातून ही टेकाडं झाली अशी कथा. चढ छोटा पण छातीवर येतो. संवर्धनाच्या कामामुळे आत जाणं बंद असू शकतं, निघण्याआधी पाहून घ्या.

अल्स्टरच्या कथांचं केंद्र, एमन माखा, आज नॅव्हन फोर्ट म्हणून आर्मा शहराजवळ आहे. गरोदर माखाला राजाच्या घोड्यांशी शर्यत लावायला भाग पाडलं, ती जिंकली, तिथंच जुळ्यांना जन्म दिला आणि संकटात तुमच्या पुरुषांना बाळंतकळा लागतील असा शाप अल्स्टरला दिला. ही जागा काळानंही केल्टिकच : तिथल्या ४० मीटर व्यासाच्या लाकडी मंडपाचा मधला खांब इ. स. पूर्व ९५ च्या सुमारास तोडलेल्या झाडाचा आहे, हे खोडाच्या वलयांवरून कळलं. मंडप बांधला, दगडांनी भरला, जाळला आणि वर माती लोटली, सगळं मुद्दाम. मात्र आर्मा उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीत येतं.

व्हिसा, गाडी, जेवण

शेंगेनचा व्हिसा आयर्लंडला चालत नाही, हे टूरवालेसुद्धा कधी कधी विसरतात. आयर्लंडचा स्वतंत्र अल्पमुदतीचा व्हिसा लागतो. अर्ज ऑनलाइन भरून कागदपत्रं मुंबईच्या व्हिसा केंद्रात द्यायची. भारतीयांसाठी ब्रिटन-आयर्लंड संयुक्त योजना आहे. व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ असा शेरा असेल तर त्याच व्हिसावर आर्माही करता येतं. मुख्य अट अशी, ज्या देशानं व्हिसा दिला तिथं आधी उतरायचं. शेरा नसेल तर सीमा ओलांडू नका; रस्त्यावर चौकी नसते म्हणून परवानगी आहे असं होत नाही.

संभाजीनगरहून विमानानं किंवा नांदेड-जालन्याकडून रेल्वेनं मुंबई गाठायची, पुढे आखाती देशात विमान बदलून डब्लिन. तिथं गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालते. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या, भाड्याची गाडी घेताना तो मागतात. डब्लिनच्या एम-५० वळणरस्त्यावर टोलनाका दिसत नाही. कॅमेरा नंबर टिपतो आणि दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत ऑनलाइन पैसे भरावे लागतात, नाहीतर दंड वाढत जातो. उत्तरेत शिरलात की वेगाच्या पाट्या किलोमीटरऐवजी मैलांत होतात.

केंद्रातल्या कॅफेत शाकाहारी माणसाचं सूप-ब्रेडवर भागतं, पण सूप कशाच्या पाण्यात केलंय ते विचारूनच घ्या, कोंबडीच्या रश्शातलं असू शकतं. टारा आणि लॉक्रूला डोंगरावर काहीच मिळत नाही. दशम्या, चटणी, धपाटे दोन दिवस सहज टिकतात. मांस आणि दुधाचे पदार्थ मात्र युरोपाबाहेरून नेऊ देत नाहीत, तेव्हा तूप-पेढे घरीच ठेवा. जुलैतही वाऱ्याचं जाकीट लागतं. छत्री वाऱ्यात उलटी होते, टोपीचा रेनकोट बरा.

हाताशी दोनच दिवस असतील तर पहिल्या दिवशी सकाळची लवकरची न्यूग्रेंज-नाउथ फेरी, दुपारी डाउथ आणि संध्याकाळी टारा. दुसरा दिवस पूर्ण राथक्रोहनला द्या, मुक्काम तिकडेच करा. तिसरा दिवस मिळाला तर लॉक्रू आणि आर्मा यांतलं एक निवडावं. दोन्ही एका दिवसात कोंबायला गेलात तर वेळ गाडीतच जातो.